घरच्या घरी सॉर्बे: सुरुवात जांभळापासून

मे संपत आला की वसई, विरार, पालघर पट्ट्यात स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणांत जांभळं दिसायला लागतात. पालघरजवळच्या बहाडोलीची टपोरी जांभळं आधी संपतात, मग उरतात ती गावठी, लहान, जास्त तुरट. पहिले एकदोन पाऊस झाले की भाव उतरतो, कारण पाऊस लागलेलं जांभूळ टिकत नाही. सकाळी घेतलेलं संध्याकाळपर्यंत फुटून रस सोडतं. खायला आणायची तर ही जांभळं नकोशी वाटतात. सॉर्बेसाठी मात्र मी याच आठवड्याची वाट बघते.

सॉर्बे हे नाव परकं वाटतं, पण ते आपल्या सरबताचंच भावंड आहे. दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले. एक फारसीच्या वाटेने आपल्याकडे पोचला, दुसरा तुर्की आणि इटालियन करत फ्रेंचमध्ये गेला. फळाचा गर, साखर, थोडं पाणी, लिंबू, एवढंच त्यात असतं. दूध नाही, साय नाही, अंडं नाही. कुल्फीत दूध असतं, गोळ्यात बर्फ वेगळा आणि सिरप वेगळं. सॉर्बेत फळच गोठवायचं, पण असं की फ्रीजरमधून काढल्यावर पाच मिनिटांत त्यात चमचा सहज जावा. सगळी मेहनत या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

मशीन लागत नाही. मी अजून घेतलेलं नाही. मिक्सर, पुरणयंत्र आणि बऱ्यापैकी थंड होणारा फ्रीजर एवढं असलं की पुरे. फ्रीजरही धड नसेल तर बर्फ आणि खडे मीठ वापरून करता येतं, ते पुढे सांगते.

साखरेचं आधी समजून घ्या

नवीन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून पहिली चूक होते ती साखर कमी घालण्याची. माझ्याही हातून झाली. जांभूळ मुळात गोड, म्हणून मी अर्धा किलो गराला दोन चमचे साखर घातली. दुसऱ्या दिवशी डब्यात जांभळ्या रंगाची वीट तयार होती. अर्धा तास बाहेर ठेवली तर कडेने पाणी सुटलं आणि मधला भाग तसाच दगड राहिला. गर उत्तम होता, तो वाया गेला याचं वाईट वाटलं.

साखर सॉर्बेत नुसती गोडीसाठी नसते. ती पोत ठरवते. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. साखर विरघळलेलं पाणी त्याहून खाली गोठतं. शिवाय त्यातलं थोडं पाणी बर्फ झालं की उरलेल्या पाण्यात साखर दाट होत जाते, आणि ते गोठायला आणखी थंडी लागते. त्यामुळे घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही सगळं पाणी गोठत नाही. बर्फाच्या बारीक कणांभोवती दाट पाकाचा पातळ थर राहतो. चमचा आत जातो तो या थरामुळे. साखर कमी केलीत की थर नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि वीट होते.

म्हणून एक आकडा लक्षात ठेवा: तयार मिश्रणाच्या एकूण वजनात साखर २५ ते ३० टक्के हवी. यात फळातली स्वतःची साखरही धरायची. पिकलेल्या जांभळाच्या गरात ती साधारण १२ टक्के असते. कलिंगड आणि स्ट्रॉबेरी ८ च्या आसपास, संत्र्याचा रस १० ते ११, चांगला पिकलेला हापूस १८ ते २०, सीताफळ २० च्याही वर. म्हणजे कलिंगडाला भरपूर साखर घालावी लागते आणि सीताफळाला थोडीच. सगळ्या फळांना एकच माप लावणारी कृती कुठे दिसली तर तिच्यावर विसंबू नका.

जांभळाचा हिशेब करून दाखवते. गर ६०० ग्रॅम, त्यात फळाची साखर साधारण ७२ ग्रॅम. वर १८० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी घातलं. एकूण वजन ८८० ग्रॅम, एकूण साखर २५२ ग्रॅम, म्हणजे साडेअठ्ठावीस टक्के. झालं. एवढाच हिशेब कुठल्याही फळासाठी करायचा.

हे मिश्रण गोठण्याआधी चाखलंत तर नको इतकं गोड लागेल. घाबरू नका. थंड पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. आत्ता अगदी बरोबर लागलं, तर गोठल्यावर ते फिकं लागणार हे नक्की समजा.

आणि हो, जांभूळ मधुमेहाला चांगलं असं म्हणत कोणी मोठी वाटी भरून घेत असेल तर त्यांना हा आकडा सांगा. या वाटीत पाव भागाहून जास्त साखर आहे. घरात मधुमेह असेल तर हे सॉर्बे त्यांच्यासाठी नाही. त्यांना ताजी जांभळंच द्या.

काय काय लागेल

जांभळं १ किलो. बी आणि साल काढून साधारण ६०० ते ७०० ग्रॅम गर निघतो, गावठी जांभळांचा कमी. साखर १८० ग्रॅम. उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी १०० मिली. एका मध्यम लिंबाचा रस. मीठ दोन चिमटी.

वजनकाटा नसेल तर घ्या, स्वयंपाकघरातला साधा चालतो. प्रत्येक घरची वाटी वेगळी, आणि सॉर्बेत तीस-चाळीस ग्रॅम साखरेने फरक पडतो.

पाण्याबद्दल मी आग्रही आहे. हा पदार्थ शेवटी शिजत नाही, आणि गोठवल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. फळं धुवायलाही शेवटचं पाणी प्यायचंच वापरा.

गर काढणं

जांभळं दोनतीन पाण्यांतून धुवा. फुटलेली चालतील, बुरशी आलेली किंवा आंबूस वासाची काढून टाका. आता पातेल्यात जांभळं, १८० ग्रॅम साखर आणि मीठ घाला आणि हाताने चांगली कुस्करा. हाताला रंग लागतो, दोन दिवस जात नाही. लग्नाकार्याला जायचं असेल तर हातमोजे घाला. झाकून तासभर ठेवा. साखरेने रस सुटतो आणि गर बियांपासून मोकळा होतो.

तासाभराने पातेलं अगदी मंद आचेवर ठेवा, १०० मिली पाणी घाला आणि चारपाच मिनिटं ढवळा. उकळी येऊ द्यायची नाही, फक्त बोट बुडवलं तर चटका बसेल इतपत गरम. जांभळाचा खरा रंग सालीत असतो आणि तो या उष्णतेने गरात उतरतो. काहीजणी हे कच्चंच करतात. तसं केलं तर चव थोडी ताजी लागते, पण रंग फिका येतो आणि तुरटपणा जास्त जाणवतो. मी गरम करते.

कोमट झालं की बिया हाताने काढा आणि उरलेला गर पुरणयंत्रातून फिरवा. पुरणाची चाळण असेल तर वाटीच्या बुडाने घासून काढा. एक गोष्ट मात्र करू नका: बियांसकट मिक्सर फिरवू नका. बी फुटलं की असा कडवट तुरटपणा उतरतो की तो कितीही साखरेने जात नाही. सगळ्या बिया निघाल्या याची खात्री झाल्यावर गर एकदा मिक्सरमधून गुळगुळीत करायला हरकत नाही.

आता लिंबू पिळा आणि बघत राहा. काळपट जांभळा रंग लालसर, उजळ होतो. जांभळातलं रंगद्रव्य आंबटपणाला असाच प्रतिसाद देतं. मुलांना हे दाखवण्यासारखं आहे. पण लिंबू रंगासाठी नाही घालायचं. इतक्या साखरेत आंबटपणा नसेल तर सॉर्बे बसकं लागतं. मीठही त्याचसाठी, आणि त्याने तुरटपणाही थोडा दबतो.

अंडं तरंगवून बघा

फळ कधी जास्त गोड असतं, कधी पाणचट. वर दिलेलं माप सुरुवातीपुरतं धरा. साखर बरोबर पडली का हे बघायची जुनी युक्ती म्हणजे अंडं. ताजं कच्चं अंडं साबणाने स्वच्छ धुवा. मिश्रण उंच ग्लासात काढा आणि अंडं हलकेच सोडा. साध्या पाण्यात ताजं अंडं बुडतं. साखर पुरेशी असेल तर मिश्रणात ते तरंगतं, आणि वर रुपयाच्या नाण्याएवढा भाग दिसतो. बुडालं किंवा जेमतेम टोक दिसलं तर साखर कमी आहे. नाण्यापेक्षा बराच मोठा भाग दिसला तर साखर जास्त आहे, दोन चमचे पाणी घाला. ग्लासातलं मिश्रण एक उकळी काढून, गार करून परत ओता.

गर फार घट्ट असेल तर अंडं दाटपणामुळेच वर राहतं. तेव्हा ते बोटाने खाली दाबून सोडा. आपोआप वर आलं तर खरं.

ज्यांच्या घरी अंडं येत नाही त्यांनी दोन चमचे मिश्रण स्टीलच्या वाटीत काढून तास-दीड तास फ्रीजरमध्ये ठेवावं. चमच्याच्या टोकाने खरवडता आलं तर ठीक. खडखडीत बर्फ झाला तर २० ग्रॅम साखर वाढवा. गोठलंच नाही, नुसता लगदा राहिला, तर पाणी किंवा गर वाढवा. वेळ जातो, पण मला विचाराल तर ही परीक्षा अंड्याहून भरवशाची आहे, कारण ती तुमच्याच फ्रीजरमध्ये होते. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार गोडी मोजायला ब्रिक्स मीटर वापरतात. नात्यात कोणी असेल तर तो मागून आणा, एका थेंबात आकडा कळतो. २५ ते ३० मध्ये आला की पुढे चला.

गोठवणं, पहिली रीत: फ्रीजर आणि मिक्सर

मिश्रण आधी फ्रीजच्या खालच्या भागात निदान चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा. ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका. मिश्रण जितक्या लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक राहतात, आणि आधीच गार असलेलं लवकर गोठतं. कोमट पातेलं फ्रीजरमध्ये ठेवलं तर ते तासन्‌तास रेंगाळतं आणि कण मोठे होतात. मग जिभेवर कचकच लागते. त्याच रात्री फ्रीजरची कळ सगळ्यात थंडवर करून ठेवा.

दुसऱ्या दिवशी मिश्रण पसरट स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यात ओता. थर दोन सेंटीमीटरहून जाड नको. प्लॅस्टिकपेक्षा धातूत लवकर गोठतं. डबा फ्रीजरच्या तळाला टेकवून ठेवा, खाली पिशव्या-पुड्या नकोत.

दीड तासाने कडा गोठलेल्या दिसतील. काट्याने त्या खरवडून मध्ये आणा, सगळं ढवळा, परत ठेवा. मग दर पाऊण तासाने असंच, तीन वेळा. तिसऱ्या वेळी ते ओल्या वाळूसारखं दिसायला लागतं. आता पूर्ण गोठू द्या, आणखी तीनेक तास.

शेवटची पायरी मिक्सरची. सगळ्यात मोठं भांडं नको, मधलं घ्या, त्याचं पातं दणकट असतं. भांडं अर्धा तास आधी फ्रीजरमध्ये ठेवा. सुरीने सॉर्बेच्या वड्या पाडा, भांडं अर्धंच भरा, आणि थांबून थांबून फिरवा: दोन सेकंद चालू, बंद, चमच्याने खाली ढकला, पुन्हा. सलग फिरवलंत तर पात्याच्या उष्णतेने वितळतं. दहाबारा फेऱ्यांत रंग एकदम फिकट जांभळा, गुलाबीकडे झुकणारा होतो. आत हवा गेल्याची ती खूण. लगेच डब्यात काढून, वर बटर पेपर चिकटवून, परत दोन तास फ्रीजरमध्ये.

घाई असेल तर काट्याचं खरवडणं सोडून मिश्रण सरळ बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि त्या खड्यांना मिक्सरमधून काढा. नव्वद टक्के तसंच होतं. मी आता बहुतेक वेळा असंच करते.

दुसरी रीत: बर्फ आणि खडे मीठ

एका दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा फारसा थंड होत नाही. गावाकडे दिवसातून चार तास वीज गेली तर चांगला फ्रीजरही कामाचा नाही. अशा वेळी आइस्क्रीमच्या पॉटची युक्ती वापरा. आजोळी मे महिन्यात भाड्याने पॉट आणायचे. लाकडी पिंप, आत धातूचा डबा, मध्ये बर्फ आणि मीठ, आणि दांडा फिरवायला आम्ही पोरं पाळी लावून. शेवटी दांडा जड झाला की मामा बसायचा.

पॉट नसला तरी कडीचा उभा स्टीलचा डबा आणि बादली चालते. फोडलेला बर्फ ३ किलो, खडे मीठ १ किलो. बादलीत बर्फाचा थर, वर मीठ, मध्ये डबा, मग आजूबाजूने पुन्हा बर्फ आणि मीठ. डबा अर्ध्याहून थोडा जास्तच भरा. बर्फाची पातळी झाकणाच्या चार बोटं खाली हवी, नाहीतर खारं पाणी आत जातं. मीठ पडलं की बर्फ वितळायला लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो डब्यातल्या मिश्रणातून ओढून घेतो. त्या खाऱ्या पाण्याचं तापमान उणे १५ ते उणे २० अंशांपर्यंत उतरतं. म्हणून त्यात उघडा हात घालू नका, कातडीला इजा होते.

कडी धरून डबा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवत राहा. दर पाच मिनिटांनी झाकण पुसून उघडा आणि कडेचं गोठलेलं लांब लाकडी उलथन्याने खरवडून मध्ये घ्या. पाऊण तास धरून चाला. सतत हलत राहिल्याने यातले कण फ्रीजरपेक्षा बारीक होतात. माझ्या मते या रीतीचं सॉर्बे जास्त चांगलं लागतं, फक्त माणसं हवीत. ते लगेच खायचं, कारण साठवायला शेवटी फ्रीजरच लागतो.

बाजारातला लादीचा बर्फ फक्त बादलीत वापरायचा, मिश्रणात त्याचा खडाही टाकायचा नाही. उरलेलं खारं पाणी झाडांना घालू नका.

बाकीची फळं, महिन्यांप्रमाणे

रीत तीच, फळाप्रमाणे फरक थोडेच. पण काही फरक महत्त्वाचे आहेत.

कैरी, मार्च-एप्रिल. हे खरं तर पन्ह्याचं सॉर्बे. कैऱ्या उकडून गर ४०० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, पाणी २५० मिली, वेलदोडा, चिमूटभर केशर, मीठ. लिंबू अर्थातच नको. अर्धी साखर काढून तिथे गूळ घातला तर पन्ह्याची ओळखीची चव येते. बाकी फळांत गूळ मी वापरत नाही, त्याचीच चव पुढे येते.

हापूस, एप्रिल-मे. गर ५०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, पाणी १०० मिली, अर्ध्या लिंबाचा रस. आंब्याचा गर मुळात दाट असल्याने यात बिघडण्यासारखं फारसं नाही. अगदी पहिल्यांदा करत असाल आणि धास्ती वाटत असेल तर आंब्याने सुरुवात करा. पेटीतली अतिपिकलेली, साल सुरकुतलेली फळं यासाठीच ठेवा. पायरी आणि रायवळही उत्तम, रायवळचा रस मात्र गाळून घ्या.

करवंदं, मे. ही माझी सगळ्यात आवडती, पण त्रासाची. पूर्ण काळी झालेलीच घ्या, तांबूस करवंदांत चीक जास्त असतो. कोमट मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा, हाताला आणि पुरणयंत्राच्या जाळीला तेलाचं बोट फिरवा. नाहीतर चीक घासत बसावं लागतं. बिया बारीक असतात, म्हणून पुरणयंत्राची सगळ्यात बारीक जाळी लावा. ५०० ग्रॅम गराला १७० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाणी. करवंदात पेक्टिन भरपूर, त्यामुळे सॉर्बे मलईसारखं होतं, दूध नसतानाही.

कोकम. बाटलीवर नीट बघा. आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, तो सोलकढीसाठी. सॉर्बेला गोड सिरप हवं, ज्याला अमृत कोकम म्हणतात. एक वाटी सिरपाला सव्वा ते दीड वाटी पाणी, आणि वरची परीक्षा करून बघा. साखर आधीच त्यात असते. कोकमात गर नसतो, म्हणून ते कितीही केलं तरी मलईदार होत नाही. त्याला काट्याने खरवडून भुरभुरीतच ठेवा, चिमूटभर जिरेपूड घालून. ते तसंच छान लागतं.

कलिंगडाची अडचणही तीच: पाणी फार, गर नाही. ७०० मिली रसाला १९० ग्रॅम साखर, लिंबू, वर पाणी अजिबात नाही. त्याच दिवशी खा.

सीताफळ, दसरा-दिवाळीच्या सुमारास. गर ५०० ग्रॅम, साखर फक्त ७० ग्रॅम, पाणी १०० मिली, लिंबू थोडं जास्त. दोन गोष्टी सांभाळा. गर गरम करू नका, कडू होतो. साखर पाण्यात वेगळी विरघळवून, गार करून घाला. आणि एकही बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. सीताफळाचं बी विषारी असतं. गर चाळणीवर हाताने घासूनच काढा, कितीही कंटाळा आला तरी.

पेरू, हिवाळ्यात. फोडी थोड्या पाण्यात शिजवून, गाळून घ्या, बिया वर राहतात. गुलाबी गराचा मिळाला तर रंगही सुंदर येतो. वाढताना वर तिखट-मीठ भुरभुरा. पाहुण्यांना सगळ्यात जास्त हेच आवडतं असा माझा अनुभव आहे.

संत्रं. नागपुरी संत्र्याचा ताजा रस ६०० मिली, साखर १८० ग्रॅम. सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग किसून साखरेत चोळून ठेवा, पांढरा भाग कडू. काढलेला रस ठेवून दिला तरी कडवट होतो, म्हणून रस काढल्या दिवशीच मिश्रण करा.

स्ट्रॉबेरी, डिसेंबर ते मार्च. महाबळेश्वर-पाचगणीकडची ताजी मिळाली तर ६०० ग्रॅमला १८० ग्रॅम साखर आणि ५० मिली पाणी. शिजवायची गरज नाही. मार्चमध्ये शेवटची, लहान, गडद लाल फळं स्वस्त मिळतात, तीच घ्या.

बिघडलं तर

जवळजवळ काहीही दुरुस्त होतं, कारण सॉर्बे वितळवून पुन्हा गोठवता येतं. फक्त ते खोलीत तासन्‌तास ठेवू नका, फ्रीजमध्ये वितळू द्या.

दगड झालं असेल तर वितळवून दोनतीन चमचे दाट साखरपाणी घाला. गोडी वाढवायची नसेल तर पुढच्या वेळी साखरेचा पाव भाग काढून तिथे औषधाच्या दुकानात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर घाला, चवीची नको. ती साखरेपेक्षा कमी गोड, पण वजनाला वजन बघितलं तर गोठणबिंदू जास्त खाली नेते. त्यामुळे सॉर्बे मऊ राहतं. गोठतच नसेल तर साखर जास्त झाली, गर किंवा पाणी वाढवा. गोव्यात काहीजण काजूच्या बोंडांच्या सॉर्बेत उर्राक घालतात. मद्यानेही गोठणबिंदू उतरतो, म्हणून किलोला दोन चमच्यांच्या वर गेलात तर ते पातळच राहील.

चव सपाट लागली तर साखरेला हात लावण्याआधी लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून बघा. रवाळ झालं तर मिक्सरमधून पुन्हा एकदा काढा.

ठेवणं आणि वाढणं

डबा फ्रीजरच्या दाराशी नको, मागच्या बाजूला ठेवा. दर वेळी दार उघडलं की पुढचा भाग थोडा वितळून पुन्हा गोठतो आणि कण मोठे होत जातात. पृष्ठभागावर बटर पेपर घट्ट टेकवलेला हवा, नाहीतर वर बर्फाचं भुसकट जमतं आणि मासळी-मटणाचा वासही लागतो. दोन आठवड्यांत संपवा. नंतर खराब होत नाही, पण पोत जातो.

वाढण्याआधी पाच ते दहा मिनिटं बाहेर काढा. उन्हाळ्यात पाचच. वाट्याही फ्रीजमध्ये गार करून घ्या. जेवणानंतर एका माणसाला दोन लहान गोळे पुरतात, हा पदार्थ भरपेट खायचा नाही.

जांभळांचा हंगाम जेमतेम तीनचार आठवड्यांचा. मी जूनमध्ये तीनचार किलोंचा गर एकदम काढते, किलोमागे १०० ग्रॅम साखर घालून ६०० ग्रॅमच्या पिशव्या भरते आणि आडव्या, चपट्या गोठवते. चपट्या ठेवल्या की लवकर गोठतात आणि जागाही कमी घेतात. पिशवीवर तारीख आणि आत घातलेली साखर, दोन्ही लिहा, म्हणजे पुढे हिशेबातून तेवढी वजा करता येते. ६०० ग्रॅमच्या पिशवीत साधारण ५५ ग्रॅम साखर आधीच गेलेली असते, सॉर्बे करताना वरून फक्त सव्वाशे ग्रॅम घालायची. दिवाळीत एक पिशवी काढते आणि एक संक्रांतीला. शेवटची मेपर्यंत पुरवायचा प्रयत्न असतो, पण बहुतेक वेळा ती मार्चच्या परीक्षांतच संपते.